मेटफॉर्मिन आणि म्हातारपण : गोळी सुरू करायच्या आधी काय तपासायचं, काय विचारायचं

मागच्या वर्षी आईच्या गोळ्यांचा डबा भरत बसले होते आणि तिच्या डायबिटीसच्या मेटफॉर्मिनच्या स्ट्रिपमधल्या दोन गोळ्या कमी निघाल्या. आई गोळी कधी चुकवत नाही आणि जास्तीची तर घेणारच नाही, म्हणून घरात विचारलं, तर बाबा शांतपणे म्हणाले, "अगं मी घेतल्या त्या. ही गोळी म्हणे म्हातारपण लांबवते." बाबा ६८ वर्षांचे, शुगर नाही, बीपी नाही, रोज तासभर चालतात आणि आठवड्यातून तीन दिवस डंबेल्स मारतात. त्यांनी कुठलातरी व्हिडिओ बघितला होता. मला आधी राग आला, मग वाटलं की माणसाला शेवटपर्यंत स्वतःच्या पायावर चालायचंय, कुणावर भार नाही टाकायचा, यात चूक काय आहे? फक्त दुसऱ्याच्या स्ट्रिपमधून गोळी उचलणं हा त्याचा रस्ता नाही. त्यानंतर आम्ही दोघांनी बसून हा विषय नीट वाचून काढला, डॉक्टरांशी बोललो. आता ओळखीतले बरेच जण हेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय.

आधी आपण कुठल्या गटात बसतो ते बघा

सगळा घोळ इथेच होतो. मेटफॉर्मिनबद्दल जे काही वाचाल ते नेमकं कुणाबद्दल आहे हे आधी विचारायचं, कारण टाइप २ डायबिटीस असलेला माणूस, बॉर्डरलाइन शुगरवाला माणूस आणि शुगर अगदी नॉर्मल असलेला माणूस या तिघांसाठी उत्तर वेगवेगळं आहे. त्यामुळे पहिलं काम म्हणजे एचबीएवनसी करून घ्या. ही टेस्ट साधारण मागच्या तीन महिन्यांची सरासरी शुगर सांगते. ६.५ किंवा त्याच्या वर आली तर डायबिटीस धरतात (बहुतेक वेळा पुन्हा एकदा करून खात्री करतात), ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबिटीस, आणि त्याच्या खाली नॉर्मल. बाबांचा आकडा ५.४ आला, म्हणजे ते तिसऱ्या गटात.

पहिल्या गटात असाल तर ही गोळी तुमच्यासाठी खरंच जुनी, पारखलेली आहे. डब्लिनच्या प्रयोगशाळेत ती १९२२ मध्ये पहिल्यांदा बनवली, फ्रान्सच्या झां स्टर्न नावाच्या डॉक्टरांनी १९५७ मध्ये डायबिटीसच्या पेशंटवरचे निकाल छापले, अमेरिकेत मात्र मंजुरी मिळायला १९९४ उजाडलं कारण तिच्याच कुळातली फेनफॉर्मिन नावाची गोळी रक्तात लॅक्टिक ॲसिड साचवते म्हणून सत्तरच्या दशकात तिकडे बाजारातून काढावी लागली होती आणि ती धास्ती बरीच वर्षं राहिली. १९९८ मध्ये ब्रिटनचा मोठा यूकेपीडीएस अभ्यास आला. त्यात वजन जास्त असलेल्या, नुकताच डायबिटीस निघालेल्या ३४२ जणांना मेटफॉर्मिन दिली होती, आणि दहाएक वर्षांत, फक्त पथ्यावर ठेवलेल्या लोकांच्या तुलनेत त्यांच्यात कुठल्याही कारणाने होणारे मृत्यू ३६ टक्क्यांनी कमी भरले. म्हणजे डायबिटीस असेल आणि डॉक्टरांनी ही गोळी दिली असेल तर "म्हातारपणावर चालते का" हा प्रश्न बाजूला ठेवा, ती तुमच्या कामाचीच आहे. मन लावून घ्या.

ही आशा आली कुठून

हे समजून घ्या म्हणजे पुढचा कुठलाही व्हिडिओ बघताना तुमचं तुम्हालाच कळेल की समोरचा काय सांगतोय आणि काय गाळतोय.

मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरवर काम करते. लिव्हर स्वतः साखर बनवून रक्तात सोडत असतं, जेवलेलं नसताना सुद्धा, आणि डायबिटीसमध्ये ते जरा जास्तच सोडतं. मेटफॉर्मिन त्याला आवर घालते. दुसरं असं की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियामध्ये ऊर्जा बनायचं काम ती किंचित मंद करते, मग पेशीला वाटतं की चणचण आहे, एएमपीके नावाचा सेन्सर जागा होतो आणि पेशी वाढायचं सोडून काटकसर आणि डागडुजीकडे वळते. कमी खाणाऱ्या प्राण्यांच्या शरीरात पण बरंचसं असंच होतं आणि ते प्राणी जास्त जगतात हे आधीपासून माहीत होतं, त्यामुळे शास्त्रज्ञांचं लक्ष इकडे वळणं साहजिकच होतं.

मग २०१४ मध्ये ब्रिटनच्या दवाखान्यांच्या नोंदींवरून एक अभ्यास आला ज्यात मेटफॉर्मिन घेणारे डायबिटीसचे पेशंट, डायबिटीस नसलेल्या त्याच वयाच्या लोकांपेक्षा थोडे जास्तच जगताना दिसले. आजारी माणूस निरोगी माणसापेक्षा जास्त जगतो म्हटल्यावर बातमी होणारच! आजही निम्मे व्हिडिओ याच अभ्यासावर उभे आहेत. पण त्यात मोजणी कशी होती ते बघा. पेशंट नुसत्या मेटफॉर्मिनवर होता तोपर्यंतच त्याला मोजलं, ज्याची शुगर आटोक्याबाहेर गेली आणि दुसरं औषध जोडावं लागलं त्याची नोंद तिथेच थांबवली. म्हणजे ज्यांचं बरं चाललंय तेच हिशेबात उरले. पुढे २०२२ मध्ये डेन्मार्कच्या नोंदी घेऊन संशोधकांनी हेच पुन्हा तपासलं, तर तो फायदा दिसला नाही, उलट मेटफॉर्मिनवरच्या डायबिटीस पेशंटमध्ये मृत्यूचं प्रमाण डायबिटीस नसलेल्यांपेक्षा जास्तच होतं. ते अपेक्षितच आहे, आजार तर आहेच ना त्यांना.

म्हणून कुठलाही दावा समोर आला की तीन गोष्टी विचारायच्या. कुणाची तुलना कुणाशी केलीय? गोळी चिठ्ठ्या टाकून वाटली होती की जे आधीपासून घेत होते त्यांनाच मोजलं? आणि मोजलं काय, आयुष्य की नुसता रक्तातला एखादा आकडा? २०२५ मध्ये अमेरिकेतल्या वयस्कर बायकांवरचा एक अभ्यास गाजला, मेटफॉर्मिनवाल्या बायकांना नव्वदीच्या आत मृत्यू येण्याचा धोका ३० टक्के कमी म्हणून. पण तिथे तुलना सल्फोनिलयुरिया नावाच्या डायबिटीसच्याच दुसऱ्या गोळीशी होती आणि त्या सगळ्या बायका डायबिटीसच्या होत्या. चिठ्ठ्या टाकून गोळी वाटलेली नव्हती. बाबांना त्यातून काहीच मिळत नाही.

प्राण्यांवरचे प्रयोग वाचताना डोस बघा

२०१३ मध्ये उंदरांवर प्रयोग झाला. नर उंदरांच्या खाण्यात ०.१ टक्का मेटफॉर्मिन घातली तर ते जवळपास ६ टक्के जास्त जगले. व्हिडिओ इथेच संपतो. त्याच प्रयोगात काही उंदरांना दहापट, म्हणजे १ टक्का दिली होती, ते १४ टक्के कमी जगले, गोळी त्यांच्या किडनीला सोसली नाही. नंतर अमेरिकेत तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळा मिळून जे काटेकोर प्रयोग करतात त्यात नुसत्या मेटफॉर्मिनने उंदरांचं आयुष्य म्हणण्यासारखं वाढलं नाही. छोट्या सूत्रकृमींवर तर अजून विचार करायला लावणारं निघालं, तरुण वयात दिली तर आयुष्य वाढलं आणि म्हाताऱ्या कृमींना दिली तर ते लवकर मेले. बाबांना हे वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

२०२४ मध्ये माकडांवरचा चीनमधला अभ्यास आला, तो मात्र मनापासून वाचण्यासारखा आहे. नर माकडांना ४० महिने रोज गोळी दिली आणि शरीराच्या बऱ्याच अवयवांचं वय मोजण्याच्या मापांवर कमी दिसलं, मेंदूचं तर सहाएक वर्षांनी मागे गेल्यासारखं. माकडं थोडीच होती, सगळी नर, आणि ती जास्त जगली का हे त्यात मोजलेलं नाही. तरी मला वाटतं की हा धागा संशोधकांनी सोडू नये.

माणसांवर काय झालंय

प्रीडायबिटीसवाल्यांनी हा भाग दोनदा वाचा. अमेरिकेतला डीपीपी नावाचा प्रयोग, निकाल २००२ मध्ये आले, ३,२३४ माणसं, सगळ्यांची शुगर बॉर्डरवर. चिठ्ठ्या टाकून गट केले. एका गटाला मेटफॉर्मिन ८५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, एका गटाला वजन ७ टक्के कमी करा आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करा असं सांगून त्यासाठी नीट मदत, आणि एका गटाला नुसती दिसायला गोळी, आत औषध नसलेली. तीनेक वर्षांत गोळीने डायबिटीस होण्याचं प्रमाण ३१ टक्के कमी केलं, आणि व्यायाम-वजनाने ५८ टक्के. साठीच्या पुढच्यांमध्ये तर व्यायामवाला गट ७१ टक्क्यांवर गेला आणि गोळीचा परिणाम जेमतेम. गोळी जास्त चालली ती तरुण, बरंच जास्त वजन असलेल्या लोकांमध्ये, आणि गरोदरपणी शुगर वाढलेल्या बायकांमध्ये. तुम्ही यात बसत असाल तर डॉक्टरांशी मेटफॉर्मिनबद्दल जरूर बोला, तो विषय त्यांना नवीन नाही.

याच माणसांचा पाठपुरावा पुढे २१ वर्षं केला आणि २०२१ मध्ये आकडे छापले. मेटफॉर्मिनच्या गटात मृत्यू कमी झाले नव्हते. औषध नसलेल्या गोळीच्या गटाएवढेच. (व्यायामाच्या गटात सुद्धा मृत्यूच्या आकड्यात फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं, पण डायबिटीस टळणं किंवा लांबणं हे काही कमी नाही.)

आणि ज्यांना शुगरच नाही त्यांचं काय? त्यासाठी न्यूयॉर्कच्या अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेज ऑफ मेडिसिनचे डॉ. नीर बार्झिलाई यांनी टेम नावाची ट्रायल आखलीय, डायबिटीस नसलेली ६५ ते ७९ वयाची ३,००० माणसं, सहा वर्षं, आणि बघायचं हे की हार्ट, कॅन्सर, स्मृतिभ्रंश असे म्हातारपणाचे आजार एकंदरीतच पुढे ढकलले जातात का. २०१५ मध्ये ते अमेरिकेच्या औषध खात्याशी यावर बोलून आले होते, पण जुनं, पेटंट संपलेलं औषध असल्याने कुठल्याही कंपनीला त्यात कमाई नाही, त्यामुळे पैशाअभावी ती वर्षानुवर्षं रखडली. मला याचं खरंच वाईट वाटतं. व्हिडिओवाले जे ठामपणे सांगतात ते तपासायलाच तर ही ट्रायल आहे.

व्यायाम करणाऱ्यांनी इथे थांबा

बाबांचा निर्णय खरं तर याच मुद्द्यावर झाला. २०१९ मध्ये दोन प्रयोग छापून आले. एकात ६५ च्या पुढच्या तब्येतीने चांगल्या माणसांना १४ आठवडे वजनं उचलायचा व्यायाम करायला लावला, अर्ध्यांना मेटफॉर्मिन, अर्ध्यांना औषध नसलेली गोळी. संशोधकांना वाटलं होतं की मेटफॉर्मिनने स्नायू जास्त भरतील. झालं उलटं, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांचे स्नायू जास्त भरले. दुसऱ्या प्रयोगात साठीच्या आसपासची माणसं १२ आठवडे दमसासाचा व्यायाम करत होती, तिथेही मेटफॉर्मिनवाल्यांना व्यायामाचा फायदा कमी मिळाला, दम कमी वाढला.

बाबांची एक छोटी वही आहे, त्यात तारीख, कुठला व्यायाम, किती किलो, किती वेळा, सगळं पेनाने लिहिलेलं असतं. साडेतीन वर्षांपूर्वी २ किलोपासून सुरुवात, आता ७ किलो. मी काही बोलले नाही, त्यांनीच ती वही उघडली, दोनतीन पानं मागेपुढे केली आणि म्हणाले, "मग हे कमी करणारी गोळी मी कशाला घेऊ?"

डायबिटीस असलेल्यांनी मात्र हे वाचून गोळी बंद करायची नाही, व्यायामही सोडायचा नाही. तुमच्या बाबतीत शुगर ताब्यात राहणं याचं पारडं जड आहे.

डॉक्टरांनी दिलीच तर घ्यायची कशी

सुरू करायच्या आधी किडनी तपासा. मेटफॉर्मिन शरीरात मोडत नाही, जशी जाते तशीच लघवीवाटे बाहेर पडते, म्हणजे सगळा भार किडनीवर. क्रिएटिनिनच्या रिपोर्टमध्ये ईजीएफआर नावाचा आकडा असतो, तो ३० च्या खाली असेल तर ही गोळी घ्यायचीच नाही, ३० ते ४५ मध्ये असेल तर नव्याने सुरू करत नाहीत आणि आधीपासून चालू असेल तर डॉक्टर सहसा डोस कमी करतात. क्रिएटिनिन नॉर्मल लिहिलंय म्हणून निश्चिंत होऊ नका, वय झालं की स्नायू कमी होतात आणि क्रिएटिनिन ठीक दिसत असताना सुद्धा ईजीएफआर खाली असू शकतो. लिव्हरचा त्रास, हार्ट फेल्युअर, दारूचं प्रमाण हे सगळं डॉक्टरांना खरं खरं सांगा.

पोटाचा त्रास हे लोक गोळी सोडून देण्याचं सगळ्यात मोठं कारण आहे. मळमळ, जुलाब, गॅस, तोंडाला धातूसारखी चव. बहुतेकांना हे सुरुवातीलाच होतं आणि काही आठवड्यांत ओसरतं. म्हणूनच सहसा ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी, रात्रीच्या जेवणासोबत, अशी सुरुवात करतात आणि आठवड्या-आठवड्याने वाढवतात. उपाशीपोटी घेऊ नका, जेवता जेवता किंवा जेवण झाल्या झाल्या घ्या. तरी झेपत नसेल तर डॉक्टरांना हळूहळू विरघळणारी गोळी मागा, नावापुढे एसआर, एक्सआर किंवा ईआर लिहिलेलं असतं. ती तोडायची, चावायची, कुटायची नाही, आख्खी गिळायची. आणि कधी शौचात गोळीसारखं काहीतरी मऊ दिसलं तर घाबरू नका, औषध आत गेलेलं असतं, ते रिकामं टरफल असतं. आई पहिल्यांदा केवढी घाबरली होती! बाटलीतून किंचित माशासारखा वास आला तरी गोळी खराब झालीय असं लगेच समजू नका, या औषधाचा वास असतोच तसा.

एखादी गोळी राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. नुसती मेटफॉर्मिन घेतल्याने शुगर एकदम खाली जात नाही सहसा, पण सोबत इन्सुलिन किंवा सल्फोनिलयुरिया असेल तर जाऊ शकते.

बी१२ बद्दल मला जरा जास्त बोलायचंय. मेटफॉर्मिनमुळे आतड्यातून बी१२ कमी शोषलं जातं. लिव्हरमध्ये त्याचा साठा असतो त्यामुळे लगेच कळत नाही, वर्षं जातात. आईच्या पायाला मुंग्या यायला लागल्या, रात्री तळवे जळायचे, चप्पल पायातून निसटली तरी कळायचं नाही. सगळ्यांनी, मी सुद्धा, धरून चाललो की शुगरचंच आहे, शुगरमध्ये नसांना होतंच असं. तेव्हा तिला गोळी सुरू होऊन नऊ वर्षं झाली होती आणि त्या नऊ वर्षांत बी१२ एकदाही तपासलं नव्हतं. तपासलं तर फारच कमी निघालं. इंजेक्शनं झाली, काही महिन्यांत मुंग्या बऱ्याच कमी आल्या, मेटफॉर्मिन चालूच आहे. शुगरमुळे आणि बी१२ मुळे होणाऱ्या मुंग्या अगदी सारख्या वाटतात, त्यामुळे गोळी बरीच वर्षं चालू असेल तर वर्षातून एकदा बी१२ मागून घ्या. मांसाहार न करणाऱ्यांनी आणि ॲसिडिटीची गोळी रोज घेणाऱ्यांनी तर नक्कीच, त्यांचं बी१२ आधीच कमी असण्याची शक्यता जास्त.

गोळी तात्पुरती कधी थांबवायची

हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावं. उलट्या-जुलाब लागले, ताप आहे आणि पाणीसुद्धा पोटात राहत नाही, अशा वेळी शरीर कोरडं पडतं, किडनी मंदावते आणि गोळी रक्तात साचायला लागते. तेव्हा डॉक्टरांना फोन करून गोळी थांबवायची का ते विचारा, बहुतेक वेळा थांबवायलाच सांगतात, नीट खाणंपिणं सुरू झालं की पुन्हा चालू. ऑपरेशन ठरलं असेल किंवा डाय टाकून सीटी स्कॅन, अँजिओग्राफी करायची असेल तर आधीच सांगा की मेटफॉर्मिन चालू आहे. किडनी कमजोर असेल तर ती बंद करायला सांगतात आणि ४८ तासांनी किडनी पुन्हा तपासून मगच सुरू करतात. एकाच बैठकीत भरपूर दारू आणि ही गोळी, हे तर एकत्र नकोच.

लॅक्टिक ॲसिड साचणं फार क्वचित होतं पण झालं तर जीवावर बेततं. धाप लागल्यासारखा जोरजोरात श्वास, सगळं अंग दुखणं, कधी नव्हे असा थकवा, पोटात दुखणं, गुंगी. असं काही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, लगेच हॉस्पिटल गाठा आणि मेटफॉर्मिन चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.

डॉक्टरांकडे जाताना

"ही गोळी म्हातारपणावर चांगली का हो?" असं विचारलंत तर उत्तर एका शब्दात मिळेल आणि तुमचं समाधान होणार नाही. त्यापेक्षा माझा एचबीएवनसी एवढा आहे, ईजीएफआर एवढा, बी१२ एवढं, वजन एवढं, घरात कुणाकुणाला डायबिटीस आहे, मी बाकी ही ही औषधं घेतो, असं कागदावर लिहून न्या आणि विचारा की माझ्या बाबतीत ही गोळी नेमका कुठला धोका कमी करेल, तो कमी झाला हे आपण कशावरून ओळखणार, आणि कधी थांबवायची. डॉक्टरांकडे या तिन्हीचं उत्तर असेल तर गोळीला कारण आहे.

ज्यांनी आधीच स्वतःहून सुरू केलीय

शुगर नाही आणि कुणाला न विचारता घेताय, तर बंद करताना डोस हळूहळू उतरवत न्यायची गरज नसते, सरळ थांबवता येते. पण डॉक्टरांना सांगा, लपवू नका. थांबवल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी पुन्हा करा, कारण गोळी चालू असताना आलेला नॉर्मल आकडा गोळीमुळे नॉर्मल असू शकतो आणि खालची बॉर्डरलाइन शुगर झाकली गेलेली असू शकते. एकदोन वर्षं घेतली असेल तर बी१२ पण करून घ्या. आणि घरातल्या दुसऱ्याच्या स्ट्रिपमधून घेत असाल तर ते आजच थांबवा, त्यांच्या गोळ्या महिना संपायच्या आत संपतात आणि त्यांचा डोस चुकतो. आमच्याकडे आता आईचा डबा आईच भरते, आणि बाबा वहीत ८ किलोची तयारी करतायत.